जोर एक, शब्द अनेक

अहिल्यानगरहून मनमाडच्या रस्त्याने निघालात, की शहराला लागूनच नागापूरची औद्योगिक वसाहत लागते. अशा वसाहतीत पत्रा कापणारी किंवा वाकवणारी प्रेस तुम्ही पाहिली असेल. तिला 'पॉवर प्रेस' म्हणतात. समजा, तिच्यावर '५० टन' असे लिहिले आहे. आता सांगा पाहू, ही प्रेसची 'पॉवर' झाली का?

मुळीच नाही. टनांत सांगितला आहे तो 'फोर्स', म्हणजे बल. सुमारे ४ लाख ९० हजार न्यूटन. नावातली 'पॉवर' एवढेच सांगते, की यंत्र हातापायांनी नव्हे, तर मोटरीने चालते. मोटरीची पॉवर, म्हणजे दर सेकंदाला होणारे कार्य, निराळी मोजतात. मोटर ५ अश्वशक्तीची असेल, तर ती ३,७३० वॅट. मोटर जे जड चाक फिरवते, ते फ्लायव्हील 'एनर्जी' साठवते आणि घावासरशी पत्र्याला देते. आणि 'प्रेशर'? तेच ५० टन १०० चौरस सेंटिमीटरांवर पडले, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला ५०० किलोग्रॅम-भार. १० चौरस सेंटिमीटरांवर पडले, तर त्याच्या दसपट. पत्रा टिकणार की फाटणार, हे त्याच्या 'स्ट्रेंग्थ'वर ठरते.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. 'पॉवर वाढवली की झाले' असे समजून कोणी मोठी मोटर बसवली, तरी प्रेसचा सांगाडा आणि क्रँक ५० टनांचीच राहतात. फार जाड पत्रा घातला, तर क्रँक मोडू शकते, आणि शेजारी माणूस उभा असतो!

घोटाळा होतो तो आपल्या बोलीमुळे. शक्ती, ताकद, जोर हे शब्द आपण कुठेही वापरतो. पण वाईट वाटून घेऊ नका. १८४७ साली हेल्महोल्ट्झ या थोर जर्मन शास्त्रज्ञाने ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला, तेव्हा त्यानेही ऊर्जेला 'क्राफ्ट', म्हणजे बलाचाच शब्द वापरला होता.

'जोर' तर फारच फसवा. पाऊस जोराचा आणि वाराही जोराचा. इंग्रजीत मात्र पाऊस 'हेवी' आणि वारा 'स्ट्राँग'. ताप 'हाय'. जोरात ढकलायचे ते 'हार्ड', जोरात पळायचे ते 'फास्ट' आणि जोरात बोलायचे ते 'लाउडली'. याला नियम नाही. जोड्या पाठच कराव्या लागतात.

आता परिणामाकडे वळू. 'इफेक्ट' हे बहुधा नाम असते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी सापडलेला 'रामन इफेक्ट' आठवा. त्याच तारखेला आपण विज्ञान दिन पाळतो. 'अफेक्ट' हे क्रियापद. आपण 'पिकावर परिणाम झाला' म्हणतो, म्हणून 'वर'चे 'ऑन' करून 'अफेक्टेड ऑन द क्रॉप' असे लिहून बसतो. ते चूक. 'ऑन' लागते ते नामाला: 'इफेक्ट ऑन द क्रॉप'. क्रियापदाला थेट कर्म हवे: 'अफेक्टेड द क्रॉप'. 'इफेक्ट' क्रियापद म्हणूनही क्वचित येते, पण तेव्हा अर्थ 'घडवून आणणे' असा होतो.

मग करा बरे इंग्रजी, दोन्ही तऱ्हांनी: 'जोराच्या वाऱ्याचा विजेच्या तारांवर परिणाम झाला.'