खिशातला चाकू आणि आपली दहा बोटे

चाकू म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला गुंड उभा राहतो. पण आमच्या वस्त्यांत चाकू बाळगणारे लोक निराळे आहेत. संत्र्याची कलमे करणारा मजूर, वायर सोलणारा इलेक्ट्रिशियन, पोत्यांची सुतळी तोडणारा हमाल, कॉटन मार्केटात भाजी निवडणारी बाई, प्रवासात कांदा चिरून भाकर खाणारे कुटुंब, या सगळ्यांजवळ घडीचा एक लहान चाकू असतोच. तो त्यांच्या रोजीचे साधन आहे. ज्यांचे पोट हातावर आहे, त्यांच्या हाताचे एक बोट कापले तर घरची चूल अडते. म्हणून या साध्या वस्तूविषयी चार गोष्टी आज सांगाव्यात असे आम्हाला वाटते.

कलमेवाल्याचा चाकू

नागपूरचे संत्रे जगभर नावाजलेले आहे. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही नागपुरातच आहे. पण प्रत्येक संत्र्याच्या झाडामागे कुणाचा तरी चाकू चाललेला असतो, हे फळ सोलताना कुणाच्या ध्यानात येत नाही. अमरावती जिल्ह्यात वरूडकडे, शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत हे काम मोठ्या प्रमाणावर चालते. जंबेरी किंवा रंगपूर लाईमच्या खुंटावर जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देतात. चांगल्या संत्र्याच्या फांदीवरून सालीसकट एक डोळा काढतात, तो त्या चिरेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधतात. यालाच डोळा भरणे म्हणतात.

हे काम घडीच्या लहान चाकूने होते. डोळा काढताना डाव्या हातात फांदी असते आणि उजव्या हातातले पाते अंगठ्याच्या अगदी जवळून फिरते. एकच हालचाल दिवसभर शेकडो वेळा करावी लागते. सकाळी हात ताजा असतो तेव्हा काही होत नाही. दुपार टळली, मान अवघडली, ठेकेदाराने घाई केली, की पाते सालीऐवजी अंगठ्यात शिरते. हा दोष चाकूचा नाही, थकव्याचा आहे. म्हणून जाणते कारागीर अंगठ्याला जाड चिंधी गुंडाळतात किंवा रबराचे टोपण घालतात. असे करण्यात भित्रेपणा मुळीच नाही.

बोट कापते ते कसे?

बोथट चाकू सुरक्षित, ही आमच्या लोकांची मोठी गैरसमजूत आहे. खरे उलट आहे. धार नसली की माणूस जोर लावतो. जोर लावला की पाते सटकते, आणि सटकलेले पाते कुठे जाईल यावर आपला ताबा राहत नाही. धारेचा चाकू थोड्या जोराने आणि आपल्याला हवा तिथेच कापतो.

दुसरे कारण घडीचे. बाजारात मिळणाऱ्या साध्या चाकूंत पाते नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उघडे राहते, त्याला अडकवणारा खटका नसतो. अशा चाकूचे टोक डब्याच्या झाकणात खुपसून किंवा लाकडात भोक पाडण्यासाठी दाबले, की पाते मागे वळते आणि मुठीवरच्या बोटांवर मिटते. चाकू कापण्यासाठी आहे. टोचायला टोच्या वापरावा, झाकण उचकटायला चमचा वापरावा. खटक्याचा चाकू असेल तर खटका नीट बसला की नाही हे आधी पाहावे, आणि मिटताना बोटे पात्याच्या वाटेत ठेवू नयेत. तळव्याने पात्याच्या पाठीवर दाब देऊन सावकाश मिटावे.

तिसरे कारण दिशेचे. शक्य तिथे पाते अंगापासून दूर चालवावे. फळ तळहातावर ठेवून कापू नये, पाटावर किंवा ताटात ठेवावे. बसून काम करताना चाकू मांडीवर चालवणे तर फार धोक्याचे आहे, कारण जांघेतून मोठी रक्तवाहिनी जाते. तिला घाव लागला तर काही मिनिटांतच जिवावर बेतते. चाकू उघडण्याआधी हात लांब करून स्वतःभोवती एक फेरी मनात आखावी. त्या फेरीत कुणी असेल, विशेषतः लहान मूल, तर चाकू उघडू नये.

चौथे कारण आपल्या हाताच्या सवयीचे. वस्तू पडली की हात आपोआप झेलायला जातो. पडणारा चाकू मात्र कधीही झेलू नये. पाय मागे घ्यावा आणि त्याला पडू द्यावे. धार गेली तर पुन्हा लावता येते.

देणे, पुसणे, ठेवणे

घडीचा चाकू दुसऱ्याला द्यायचा तर मिटूनच द्यावा. मिटता येत नसेल तर खाली ठेवावा आणि दुसऱ्याने उचलावा. उघडा चाकू हातात घेऊन चालू नये. पाते पुसताना फडके धारेवरून नव्हे, पाठीच्या बाजूने फिरवावे. संत्र्या-लिंबाचा रस आंबट असतो, त्याने साध्या लोखंडी पात्याला लवकर गंज चढतो. म्हणून काम झाले की धुऊन, कोरडे करून बिजागरीत तेलाचा एक थेंब सोडावा. गंजलेली बिजागरी घट्ट होते. मग ती उघडायला जोर लागतो आणि त्याच जोरात नखाखाली चीर पडते. धार लावताना दगड पाण्याने ओला करावा, पाते थोडेसे तिरके धरावे आणि दोन्ही बाजूंनी सारखे फिरवावे. हे जमत नसेल तर गल्लीत येणाऱ्या धारवाल्याला चार पैसे द्यावेत.

घरातल्या पावशीलाही हेच नियम लागू आहेत. भगिनींनो, काम संपले की पावशी भिंतीकडे तोंड करून, आडवी करून ठेवा. धुण्याच्या भांड्यांत, साबणाच्या पाण्याखाली चाकू टाकून ठेवू नका. भांडी घासणारा हात बहुधा घरच्या मुलीचा असतो, आणि पाण्याखालचे पाते तिला दिसत नाही.

मुलांना बंदी नको, शिकवण हवी

पेन्सिल तासायला अर्धे ब्लेड हाती घेणारी मुले आमच्या घरोघरी आहेत. त्यांना नुसते रागावून उपयोग नाही. लहान मुलाला शार्पनर द्या. मोठे झाले की समोर बसवून, आधी साबणाच्या वडीवर, मग मऊ लाकडावर चाकू चालवायला शिकवा. बसल्याशिवाय चाकू उघडायचा नाही, आणि चाकू दाखवून थट्टा करायची नाही, हे दोन नियम पक्के करा. मुलगे आणि मुली दोघांनाही शिकवा.

संघातला चाकू

ही काळजी आजची नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंच्या लहानसहान वस्तूंचे प्रकरण आहे. चीवराचे कापड भिक्खू हातांनी फाडत, ते वेडेवाकडे होई. तेव्हा भगवान बुद्धांनी लहान चाकू ठेवण्याची अनुज्ञा दिली आणि त्याच्याबरोबर गुंडाळायला नमद्याचा तुकडाही दिला. शिवताना बोटे दुखू लागली, तेव्हा शिंपी बोटात घालतो तशी टोपी वापरायची परवानगी दिली. काही भिक्खू सोन्याचांदीच्या मुठी मिरवू लागले, तेव्हा त्याला मनाई केली. हाड, शिंग, लाकूड, बांबू यांच्या मुठी चालतील असे सांगितले. म्हणजे हत्यार कामापुरते असावे, त्याला म्यान असावे, बोटाला आडोसा असावा आणि मिरवणे नसावे. कलमेवाल्याच्या अंगठ्यावरची चिंधी आणि ही टोपी यांत आम्हाला तर काही फरक दिसत नाही.

कापलेच तर

घाबरू नये. स्वच्छ फडक्याने जखमेवर घट्ट दाब द्यावा आणि हात छातीच्या वर उचलून धरावा. दहा मिनिटे दाब सोडू नये. रक्त थांबले की नाही हे पाहण्यासाठी मधून मधून फडके उचलले, की धरलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. बोटात अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढावी. रक्त थांबल्यावर वाहत्या स्वच्छ पाण्याने जखम धुवावी. हळद, चहापत्ती, चुना, तंबाखू, माती यांपैकी काहीही जखमेत भरू नये. त्याने घाण आत जाते आणि डॉक्टरला जखम नीट दिसत नाही.

दाबूनही रक्त थांबत नसेल, जखम खोल किंवा उघडी असेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल, तर घरी बसू नये. बोटाची शीर किंवा स्नायूची दोरी तुटलेली असू शकते. ती वेळेवर जोडली तर हात वाचतो, उशीर झाला तर बोट जन्मभर ताठ राहते. मेडिकल किंवा मेयो गाठावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकाला फोन करावा. बोटाचा तुकडाच वेगळा झाला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये.

धनुर्वात केवळ गंजाने होतो असे नाही. त्याचे जंतू माती आणि शेणात असतात, म्हणून शेतात झालेली लहान जखमही घातक ठरू शकते. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळणारी टीडी लस चुकवू नये. मोठ्यांनी शेवटची लस कधी घेतली हे आठवत नसेल, तर डॉक्टरला तसे सांगावे.

कायदा आणि मजुरी

घरकाम, शेती किंवा कारखान्याच्या कामाचे नसलेले, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे धारदार हत्यार शस्त्र नियमांच्या यादीत येते. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीच्या काळात चाकू जवळ बाळगण्यावरही बंदी घालता येते. म्हणून तरुणांनी कामावरून सुटल्यावर चाकू खिशात न ठेवता कामाच्या पिशवीत ठेवावा. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखोंची दाटी असते. त्या दिवशी शिदोरीबरोबर चाकू आणलाच, तर तो गुंडाळून सामानाच्या तळाशी ठेवावा. गर्दीत खिशात नको.

ज्यांच्याजवळ ईएसआयचे कार्ड आहे त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कामावर झालेली इजा त्याच दिवशी मालकाकडे अपघात नोंदवहीत लिहून घ्यावी. इजेमुळे निदान तीन दिवस काम बुडाले, तर मजुरीच्या सुमारे नव्वद टक्के रक्कम मिळण्याची तरतूद आहे. पण नोंद नसेल तर इजा कामावर झाली हे सिद्ध करणे कठीण जाते. बोटाला चिंधी बांधून मुकाट्याने घरी येणारे आमचे कितीतरी बांधव हा हक्क सोडून देतात. तसे होऊ देऊ नका.

ठेकेदाराने घाई केली तरी दोन मिनिटे थांबून धार पाहा, अंगठा गुंडाळा आणि मग कामाला लागा. बुडालेली दोन मिनिटे भरून काढता येतात, बोट भरून काढता येत नाही. हा अंक वाचून झाल्यावर घरातला चाकू आणि पावशी कुठे व कशी ठेवली आहे, ते एकदा पाहून घ्या, एवढीच आमची विनंती आहे.