भूल आणि हृदय : मात्रेचे महत्त्व



आमच्या शेजारच्या काकींना बायपास शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह जुना. परवा संध्याकाळी व्हरांड्यात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, कापण्याची मला भीती नाही. पण भूल जास्त झाली आणि काळीज पुन्हा उठलंच नाही तर?"

मी शिक्षक आहे, डॉक्टर नव्हे. परंतु आपल्या बेटावर मधुमेह आणि हृदयविकार घरोघरी आहेत. तेव्हा हा प्रश्न एकट्या काकींचा नाही. म्हणून वाचून जे समजले ते येथे मांडतो.

अशा शस्त्रक्रियेत बहुधा हृदय थोडा वेळ मुद्दाम थांबवतात. रक्त फिरवण्याचे काम यंत्र करते. त्या वेळी हृदयाच्या स्नायूला रक्त मिळत नाही. पोटॅशियमयुक्त द्रव देऊन त्याला शांत ठेवतात. तरीही रक्त पुन्हा सुरू झाल्यावर थोडी इजा होतेच.

१९८६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील मरी, जेनिंग्ज व राइमर यांनी एक नवल पाहिले. कुत्र्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा पाच-पाच मिनिटे चार वेळा अडवला आणि मग चाळीस मिनिटे अडवला. आधी असा सराव झालेल्या हृदयाची हानी इतरांच्या सुमारे एक चतुर्थांशच झाली! मोठ्या परीक्षेपूर्वी छोट्या चाचण्या दिलेला विद्यार्थी घाबरत नाही, तसेच हे.

पुढे १९९७ साली विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी दाखवले की आयसोफ्लुरेन हा हुंगवण्याचा भुलीचा वायूही हाच सराव घडवतो. वायू बंद केल्यावरही संरक्षण टिकले. हृदयाच्या पेशींतील पोटॅशियमची काही सूक्ष्म दारे उघडल्याने हे घडते. ग्लायबेनक्लामाइड हे मधुमेहाचे औषध ती दारे बंद करते. ते दिल्यावर संरक्षण नाहीसे झाले.

मग मात्रा किती, आणि केव्हा? २००४ साली बेल्जियमच्या डी हर्ट यांनी २०० रुग्णांचे चार गट केले. एका गटाला शिरेतून प्रोपोफॉल दिले. इतरांना सेव्होफ्लुरेन वायू कोणाला फक्त आधी, कोणाला फक्त नंतर, तर कोणाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिला. हृदयाची इजा दाखवणारे ट्रोपोनिन ठळकपणे कमी आढळले ते शेवटच्या गटात.

पण येथे थांबून चालणार नाही. २०१९ साली तेरा देशांतील ५,४०० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षभरात वायू दिलेल्यांपैकी २.८ टक्के दगावले आणि फक्त शिरेतून भूल दिलेल्यांपैकी ३.० टक्के. म्हणजे जीव वाचण्यात फरक दिसला नाही. एका चांगल्या प्रयोगावरून घाईने निष्कर्ष काढू नये, हे आम्ही मुलांना शिकवतो ते खरेच आहे.

आता जास्त भुलीचे भय. चाळिशीतल्या माणसाला सेव्होफ्लुरेन सुमारे २ टक्के पुरते. वय वाढते तशी गरज घटते. जास्त दिल्यास रक्तदाब उतरतो आणि हृदयालाच रक्त कमी पडते. फार कमी दिल्यास रुग्ण जागा होण्याचा धोका. म्हणून भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ रुग्णाजवळ राहतो. नाडी, रक्तदाब, श्वासातील वायूचे प्रमाण यांवर त्याची नजर असते आणि मात्रा तो क्षणोक्षणी कमी-जास्त करतो. "सुई टोचून डॉक्टर निघून जातो" हा समज चुकीचा आहे.

मग आपण काय करावे? भूलतज्ज्ञ भेटावयास येतील तेव्हा सर्व गोळ्यांची नावे सांगावीत, मधुमेहाच्या तर अवश्य. देशी काढे, दारू, सिगारेट, पूर्वीच्या भुलीचा त्रास, काहीही लपवू नये. आणि आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नये. कोणती केव्हा थांबवायची हे डॉक्टरच ठरवतील.

काकींना मी हेच सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग घरी जाऊन गोळ्यांची पिशवीच घेऊन आल्या. आम्ही दोघांनी मिळून यादी केली. अक्षर मोठे काढले. दोन गोळ्या अशा निघाल्या, ज्यांच्याविषयी त्यांनी रुग्णालयात कुणाला काही सांगितलेच नव्हते.

शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे. यादी त्यांच्या पदराला बांधलेली आहे.