दोर नेमके काय धरतो?

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की जळोची-बारामती परिसरातील रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रीघ लागते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशा कारखान्यांकडे ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या निघालेल्या असतात. त्याच रस्त्याने मुले सायकलवर शाळेत जातात. घसरलेली एक मोळी तिथे जिवावर बेतू शकते. म्हणून वर्गात विचारण्याजोगा प्रश्न असा, की माल बांधतो तेव्हा आपण नेमके काय करतो?

'ब्रेक लागला की माल पुढे फेकला जातो' असे आपण म्हणतो. खरे तर त्याला कोणी फेकत नाही. गाडी थांबते, माल मात्र आधीच्याच वेगाने पुढे जात राहतो. हा न्यूटनचा पहिला नियम. मालालाही थांबवायचे तर त्याला अडवणारे बल हवे. युरोपीय मानकानुसार ट्रकवरील मालाची बांधणी पुढच्या दिशेने वजनाच्या 0.8 पट, तर बाजूंना आणि मागे 0.5 पट बलाला पुरी पडेल अशी करतात.

समजा, ट्रकच्या हौद्यात 1000 किलोची पेटी आहे आणि घर्षणांक 0.3 आहे. जोरात ब्रेक लागल्यावर 800 किलो वजनाइतके बल हवे. घर्षणातून 300 मिळते. उरलेले 500 कोठून आणायचे?

पेटीवरून पट्टा टाकून दोन्ही बाजूंना खाली आवळला, तर तो पेटीला मागे ओढत नाही, खाली दाबतो. दाब वाढला की घर्षण वाढते. पट्ट्यात 250 किलोचा ताण असेल, तर दोन्ही बाजू मिळून दाब 500 किलोने वाढतो. पण घर्षणात भर पडते फक्त 150 ची. म्हणजे पट्टे हवेत चार. पट्टा उभा न राहता तळाशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर दाब निम्मा होतो आणि पट्टे लागतात सात!

आता पेटीखाली रबरी चटई घालू. घर्षणांक 0.6 झाला, तर घर्षणच 600 देते. उरलेल्या 200 साठी हिशेबाने एक पट्टाही पुरतो. तरी तो तुटला तर काय, म्हणून निदान दोन बांधावेत. माल हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवला, तर तीही भार घेते.

अवजड यंत्राला मात्र चारी कोपऱ्यांतून तिरप्या साखळ्या लावतात. साखळी फारशी ताणली जात नाही आणि यंत्राला थेट ओढून धरते.

उसाची गोष्ट आणखी वेगळी. हादऱ्यांनी ऊस दबतो, भाराची उंची घटते आणि दोर सैल पडतो. ताण गेला की दाबही गेला. म्हणून थोडे अंतर गेल्यावर थांबून दोर पुन्हा आवळायला हवा.

करून पाहा : फळीवर वीट ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचला. वीट घसरू लागताच उचललेल्या टोकाची उंची आणि त्याखालचे आडवे अंतर मोजा. उंचीला आडव्या अंतराने भागले की घर्षणांक मिळतो. मग विटेखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालून पुन्हा मोजा. दोन आकड्यांतील फरक मुलांनाच सांगू द्या.