बोट निघून गेली तर? समुद्रात मागे राहिलेला पाणबुड्या कसा वाचतो

(पिंपळे गुरव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

पवनेच्या काठावर बसून समुद्रात वाहून जाण्याबद्दल बोलायचं, हे जरा विचित्र वाटेल. पण शुक्रवारी दुसरी शिफ्ट संपवून चाकणहून निघालेली गाडी शनिवारी सकाळी मालवणात असते, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. तारकर्लीला स्कुबा करून आलेले किती? हात वर करा... बघा, निम्मं सभागृह.

आधी एक खुलासा. पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रशिक्षक हाताशी धरून खाली नेतो, त्यामुळे ही वेळ सहसा त्याच्यावर येत नाही. धोका वाढतो तो पुढे. कोर्स होतो, आत्मविश्वास येतो आणि आपण जोडीदाराबरोबर मोकळ्या पाण्यात उतरतो तेव्हा.

आमचंच सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे वर आलो, तर बोट बरीच लांब होती आणि तिचं तोंड दुसरीकडे. ओरडलो, हात हलवले, कुणी बघेना. पंचवीस मिनिटांनी त्यांनी आम्हाला पाहिलं. पंचवीसच मिनिटं! पण त्या दिवशी कळलं की बोट आपल्याला दिसते, याचा अर्थ आपण बोटीला दिसतो असा नाही.

असं का होतं? पाण्यात आपलं डोकं तेवढं वर असतं, नारळाएवढं. लाटेच्या खळग्यात गेलं की तेही दिसत नाही. त्यात प्रवाहाची ओढ. एक नॉट वेग म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर. ऐकायला किरकोळ वाटतो, पण अंगावर टाकी घेऊन त्याच्याविरुद्ध फार वेळ पोहणं चांगल्या पोहणाऱ्यालाही जमत नाही. तीन तासांत माणूस साडेपाच किलोमीटर दूर गेलेला असतो.

आता शोधणाऱ्याच्या बाजूने बघा. समजा, तुम्ही कुठल्या दिशेला गेलात ते माहीत नाही आणि वेग ताशी एक किलोमीटर आहे. एका तासाने शोधायचं क्षेत्र सुमारे ३ चौरस किलोमीटर, तीन तासांनी २८, दहा तासांनी ३१४. वेळ तिप्पट झाली की क्षेत्र नऊपट होतं. म्हणून पहिला तास सोन्याचा. आणि तो तास सुरू व्हायला कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं की माणूस कमी आहे.

नेमकं इथेच १९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात घात झाला. टॉम आणि आयलीन लोनर्गन हे अमेरिकन जोडपं ग्रेट बॅरियर रीफवर डायव्हिंगला गेलं. परतताना डोकी मोजण्यात चूक झाली आणि बोट निघून आली. दोन दिवसांनी त्यांचं सामान बोटीवर तसंच पडलेलं दिसलं, तेव्हा शोध सुरू झाला. ते दोघे कधीच सापडले नाहीत.

तुमच्यापैकी मेंटेनन्सवाल्यांना हे लगेच कळेल. मशिन दुरुस्तीला घेतलं की प्रत्येक जण आपापलं कुलूप लावतो. ‘सगळे बाहेर आले का रे?’ असं विचारून आपण मशिन चालू करत नाही. प्रत्येकाने आपलं कुलूप स्वतःच्या हाताने काढावं लागतं. बोटीवरही तेच हवं. नुसती डोकी मोजायची नाहीत. नाव घ्यायचं, माणूस बघायचा, खूण करायची.

बरं, तरीही मागे राहिलोच तर? पहिलं काम तरंगण्याचं. जॅकेटमध्ये हवा भरायची, शिशाच्या वजनांचा पट्टा सोडून द्यायचा. महाग आहे म्हणून तो सोडायला लोक कचरतात. सोडा! मास्क काढू नका, लाटांचं पाणी नाकातोंडात जातं. वेटसूट तर अजिबात काढायचा नाही. आपला अरबी समुद्र उबदार, पण पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगाने ओढून घेतं. गुडघे पोटाशी घ्यायचे, हात छातीशी. दोघे-तिघे असाल तर एकमेकांना बिलगून राहायचं, पट्ट्याने जोडून घ्यायचं. घोळका लवकर दिसतो, आणि धीरही टिकतो.

दुसरं, किनाऱ्याकडे पोहत सुटायचं नाही. किनारा दिसतो त्यापेक्षा लांब असतो, आणि दमलेला माणूस लवकर गारठतो. किनारा खरंच जवळ असेल आणि ओढ तिकडेच नेत असेल, तरच आणि तेही प्रवाहाला तिरकं, सावकाश.

तिसरं, समुद्राचं पाणी प्यायचं नाही. त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ. एवढं खारट मूत्र आपली मूत्रपिंडं बनवू शकत नाहीत. म्हणजे ते मीठ बाहेर टाकायला प्यायल्यापेक्षा जास्त पाणी खर्च होतं. तहान भागत नाही, वाढते.

हे सगळं करून माणसं वाचतात का? वाचतात. २००६ मध्ये न्यूझीलंडचा रॉब हेविट, नौदलातला माजी पाणबुड्या, डायव्हिंग करताना ओढीने वाहून गेला. तब्बल ७५ तास तो पाण्यात होता. जाड वेटसूट अंगावर, पिशवीत पकडलेले शेवंड आणि समुद्री साळू, तेच खाल्ले. अखेर तो जिवंत सापडला.

आणि आपल्या दारातलं उदाहरण. १७ मे २०२१, तौक्ते वादळ. मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. २६१ पैकी १८६ जणांना वाचवण्यात आलं. ते पाणबुडे नव्हते, तेलक्षेत्रावर काम करणारी माणसं होती, तुमच्या-आमच्यासारखी. त्यांतल्या अनेकांनी उसळत्या समुद्रात कित्येक तास केवळ लाइफ जॅकेटच्या आधारावर काढले. ७५ घरांत माणूस परत आला नाही, हेही विसरायचं नाही. तरंगत राहिल्याने जीव वाचेलच असं नाही. वाचवणारा येईपर्यंतचा वेळ मात्र मिळतो.

म्हणून खिशात तीन वस्तू ठेवा. शिट्टी, छोटा आरसा आणि फुगवून उभी करायची नारिंगी नळी. शिट्टीला आवाजासारखा घसा बसत नाही. आरशाची तिरीप काही किलोमीटरवरून दिसते. आणि ती नळी नारळाएवढ्या डोक्याला माणसाएवढी उंची देते. आमच्याकडे त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं.

चौथी गोष्ट घरी ठेवून जायची. बोटीचं नाव, कुठून निघणार, किती वाजता परत येणार, एवढा निरोप घरच्यांना पाठवा. सोबत सांगा: ‘तासभर उशीर झाला आणि फोन लागला नाही, तर आधी बोटवाल्याला विचारा, मग तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करा.’ लोनर्गन जोडप्याची उणीव दोन दिवस कुणालाच भासली नाही. तुमची उणीव एका तासात कुणाला तरी भासली पाहिजे.

चला, आता प्रश्न घेऊ या.