गाडीचं दार आतून सडतं

मारुती ८००चं उत्पादन २०१४ साली थांबलं, तरी ती रस्त्यावर अजून दिसते. अशा जुन्या गाडीची दारं सांभाळायची, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. पावसाचं पाणी काचेच्या कडेनं दारात उतरतंच. ते निघून जावं म्हणून दाराच्या तळाशी भोकं असतात. ती चिखलानं बुजली, की पत्रा आतून सडतो. रंगाला फोड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पावसाळ्याआधी लाकडी काडीनं भोकं मोकळी करा.

मग दार उघडून हलकेच वर उचलून पाहा. ते हललं, तर बिजागरी झिजली आहे. रोज दार आपटण्यापेक्षा तिची पिन बदलून घ्या. कडी अर्धवट बसलेलं दार चालत्या गाडीत उघडू शकतं, आणि त्याला टेकून मूल बसलेलं असतं.