पांढरी जहाजे, राखाडी जहाजे

नौदलाला जहाजे कमी पडताहेत अशी बातमी आली की एक सूचना ठरलेलीच असते: तटरक्षक दल आहे ना, त्यालाच आणखी बळ द्या आणि जबाबदारीही वाढवा. सूचना चुकीची नाही. पण तिच्यात जे गृहीत धरलेले असते, त्यातले बरेचसे चुकीचे असते. 1993 मध्ये रायगडच्या शेखाडी-दिघीला आरडीएक्स उतरले, 2008 मध्ये दहा अतिरेकी कफ परेडच्या मच्छीमार नगराशी रबरी बोटीतून उतरले. हे सोसलेल्या महाराष्ट्राला तरी कोणते जहाज कशासाठी असते, हे ठाऊक हवे.

"तटरक्षक दल म्हणजे नौदलाचीच एक शाखा"

दोन्ही संरक्षण मंत्रालयाखाली असल्याने हा समज पक्का झाला. प्रत्यक्षात ते स्वतःचा कायदा असलेले वेगळे सशस्त्र दल आहे, आणि त्याचा जन्मच नौदलावरचा भार कमी करण्यासाठी झाला. साठच्या दशकात अरबी समुद्रातून सोन्याची तस्करी जोरात होती. कस्टमकडे पुरेशा बोटी नव्हत्या, म्हणून नौदलाची जहाजे गस्तीला जुंपली गेली. युद्धासाठी बांधलेले जहाज तस्करांमागे फिरवायचे म्हणजे सराव मागे पडणार आणि यंत्रे झिजणार. 1974 मध्ये बॉम्बे हायला तेल लागले. 1976 च्या कायद्याने किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रावर भारताने हक्क सांगितला. एवढ्या पाण्याची राखण नौदलाच्या वेळातून वेळ काढून होणारी नव्हती. के. एफ. रुस्तमजी समितीच्या शिफारशीवरून 1 फेब्रुवारी 1977 ला तटरक्षक दल हंगामी स्वरूपात उभे राहिले, पुढच्या वर्षी कायदा झाला. सुरुवातीला ताफ्यात दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच गस्ती बोटी होत्या. आज जहाजे आणि बोटी मिळून ताफा दीडशेच्या घरात आहे. तरीही दलाचे प्रमुखपद दीर्घकाळ नौदलातून आलेल्या अधिकाऱ्यांकडेच राहिले. स्वतःच्या केडरमधला पहिला महासंचालक मिळायला 2016 उजाडले.

"हे बचावाचे दल आहे, लढणारे नाही"

वादळात अडकलेल्या खलाशांना हेलिकॉप्टरने उचलतानाचे व्हिडिओ आपण पाहतो, त्यावरून हे मत बनते. ऑक्टोबर 1999 मध्ये इंडोनेशियाहून ॲल्युमिनियम घेऊन निघालेले 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज चाच्यांनी पळवले. खलाशांना समुद्रात सोडून दिले, जहाजाला नवा रंग दिला, नवे नाव दिले. महिनाभराने ते अरबी समुद्रात दिसले, तेव्हा त्याचा पाठलाग केला तटरक्षक दलाच्या 'ताराबाई'ने. इशारे देऊनही ते थांबेना, तेव्हा गोळीबार झाला. शेवटी नौदलाची 'प्रहार' ही क्षेपणास्त्र नौका आली आणि चाचे हाती लागले. दोन्ही दलांचे काम एकमेकांत कसे गुंफलेले असते, ते या एका पाठलागात दिसते.

पुढची गोष्ट मात्र कोर्टातली. मुंबईच्या सत्र न्यायालयाने 2003 मध्ये शिक्षा ठोठावली आणि 2005 मध्ये उच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. चाचेगिरीविरुद्धचा स्वतंत्र कायदा तेव्हा देशात नव्हताच. तो संसदेत मंजूर व्हायला 2022 चा डिसेंबर उजाडला. सुरक्षेची भूमिका वाढवायची म्हणजे फक्त तोफा आणि बोटी वाढवायच्या, असे समजणाऱ्यांनी ही तेवीस वर्षे लक्षात ठेवावीत. पकडलेला माणूस, जप्त केलेला माल, पंचनामा हे सगळे कोर्टात टिकले पाहिजे. तटरक्षक दलाची खरी ताकद इथे आहे. झडती घेण्याचे, जप्तीचे, ताब्यात घेण्याचे अधिकार त्याला निरनिराळ्या कायद्यांनी दिलेले आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये अंदमानच्या समुद्रात म्यानमारच्या एका मासेमारी बोटीतून त्याने साडेपाच टनांच्या आसपास मेथॅम्फेटामिन पकडले, ते नेहमीच्या गस्तीत.

"मग त्यांच्या जहाजांवर क्षेपणास्त्रे बसवा, नौदलाची तूट भरून निघेल"

सगळ्यात घातक गैरसमज हाच. गोवा शिपयार्डने बांधलेले 'समर्थ' वर्गाचे गस्ती जहाज बघा. लांबी 105 मीटर, मागे हेलिकॉप्टरसाठी डेक, तेलगळतीशी झुंजण्याची साधने, झडतीचे पथक नेणाऱ्या जलद बोटी आणि पुढे 30 मिलिमीटरची तोफ. पाणबुडी हुडकणारे सोनार नाही, टॉर्पेडो नाहीत, हवाई हल्ला परतवणारी क्षेपणास्त्रे नाहीत. ही उणीव नव्हे. ज्या कामासाठी जहाज बांधले, त्याला ते पुरेसे आहे.

नौदलाची तूट आहे ती दुसऱ्याच जातीची. बंदराच्या तोंडाशी पेरलेले सुरुंग काढणारे शेवटचे जहाज, 'कोझिकोड', 2019 मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर नौदलाकडे खास त्या कामाचे जहाज उरलेले नाही. पाणबुड्यांची संख्याही तीन दशकांच्या आराखड्यात ठरवलेल्या आकड्याच्या बरीच मागे आहे. या जागा तटरक्षक दलाच्या पांढऱ्या जहाजांनी भरून निघणार नाहीत. ही जहाजे रोजची गस्त आपल्यावर घेऊन नौदलाच्या राखाडी जहाजांना मोकळे करतात, तेवढेच त्यांच्याकडून मागावे. शिवाय परक्या देशाच्या मच्छीमार बोटींपुढे युद्धनौका उभी केली तर प्रकरण चिघळते. तिथे पांढरे जहाजच शहाणपणाचे ठरते.

"26/11 नंतर सगळा किनारा तटरक्षक दलाकडे गेला"

2009 च्या निर्णयाने एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे आली, तर 12 सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्रातली किनारी सुरक्षा तटरक्षक दलाकडे. पण किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, खाड्यांत आणि लहान जेट्टींवर आजही राज्याचे सागरी पोलीसच पाहिजेत. मोठी जहाजे तिथे शिरूच शकत नाहीत. आणि साखळीतली कच्ची कडी तिथेच आहे. बोट आहे पण डिझेल नाही, डिझेल आहे तर इंजिन दुरुस्तीला, इंजिन चालू तर बोट चालवणारा प्रशिक्षित माणूस नाही, अशा नोंदी महालेखापरीक्षकांनी अनेक किनारी राज्यांबद्दल केल्या आहेत. दिल्लीने कितीही जहाजे बांधली तरी ही कडी मुंबईतूनच, राज्याच्या गृहखात्यातूनच, मजबूत व्हायला हवी.

ज्या 'कुबेर'वरून अतिरेकी आले, ती पोरबंदरची मासेमारी बोट होती. म्हणूनच आता समुद्रात झडतीचे पथक बोटीवर चढले की तांडेलाकडे, म्हणजे बोटीच्या प्रमुखाकडे, नोंदणीची कागदपत्रे मागते, खलाशांची ओळखपत्रे एकेक करून पाहते, लाइफ जॅकेटे मोजते, वायरलेसवर चॅनेल 16 लागतो का ते तपासते. भर हंगामात जाळी पाण्यात असताना हे होते आणि तांडेलाची चिडचिड होते, ती समजण्यासारखी आहे. पण आपल्या भागात फिरणारी अनोळखी बोट सगळ्यात आधी दिसते ती कोळ्यांनाच, कुठल्याही रडारच्या आधी. तेव्हा किनाऱ्यावर राहणाऱ्या, समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाने दोन नंबर फोनमध्ये ठेवावेत: संकटात तटरक्षक दलाचा 1554 आणि संशयास्पद काही दिसल्यास सागरी पोलिसांचा 1093.