जलशीर्ष झडप
मेंदूतील पोकळ्यांत साचलेला जादा मस्तिष्क-मेरुद्रव शरीरात अन्यत्र वाहून नेणाऱ्या नळीवरील एकदिश झडप. या द्रवाचा मार्ग अडल्यास किंवा त्याचे अभिशोषण न झाल्यास तान्ह्या मुलाचे डोके वाढत जाते व मेंदू दाबला जातो. या विकारास जलशीर्ष म्हणतात. द्रव नळीने नीलेवाटे हृदयाच्या उजव्या अलिंदात सोडता येतो. परंतु साध्या नळीत रक्त उलट शिरून गोठते.

फिलाडेल्फियातील यंत्रकारागीर जॉन होल्टर यांच्या १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलास हा विकार होता. तेथील बाल रुग्णालयाचे शल्यविशारद यूजीन स्पिट्‌झ यांच्याकडून अडचण समजल्यावर होल्टर यांनी सिलिकोन रबराची झडप घरीच बनविली. दाब वाढला की तिच्यातील चीर उघडते, उतरला की मिटते. ती १९५६ मध्ये वापरात आली. होल्टर यांचा मुलगा मात्र बालपणीच वारला.

लंडनमधील झडपही एका पित्याच्याच धडपडीतून निघाली. लेखक रोआल्ड डाल यांच्या चार महिन्यांच्या मुलाच्या बाबागाडीस १९६० मध्ये न्यूयॉर्क येथे मोटारीची धडक बसली. त्यातून उद्‌भवलेल्या जलशीर्षावर बसविलेली नळी वारंवार तुंबे. तेव्हा ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बाल रुग्णालयाचे शल्यविशारद केनेथ टिल, खेळण्यातील विमानांसाठी चिमुकले पंप घडविणारे अभियंते स्टॅन्ली वेड व डाल यांनी १९६२ मध्ये धातूच्या चकत्यांची झडप सिद्ध केली. तोवर त्या मुलास तिची गरज उरली नव्हती. तिघांनीही नफा घेतला नाही. डाल यांच्या बालकथांपुढे हे कार्य काहीसे झाकोळले गेले, तरी हजारो मुलांना झडपेचा लाभ झाला.

आता नळी बहुधा पर्युदर पोकळीत सोडतात. काही झडपांचा दाब त्वचेबाहेरून चुंबकाने बदलता येतो. तुंबणे मात्र टळलेले नाही व कित्येक मुलांवर पुन:पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.